उपकारस्तुति आणि उपकाराचे ओझे

आमच्या मंडळ्यांतून प्रार्थनेस उभा राहणारा मनुष्य, मग तो पिकल्या केसांचा वडील असो की गेल्या वर्षी बाप्तिस्मा घेतलेला तरुण असो, बहुधा देवाच्या उपकारस्तुतीनेच आरंभ करितो. ही रीत उत्तम आहे, व ती मोडावी असे आमचे मुळीच म्हणणे नाही. परंतु पुष्कळ हातांतून फिरलेल्या नाण्यावरची मुद्रा जशी झिजून जाते, तसे पुष्कळ वेळा उच्चारलेल्या शब्दाचेही होते. नाणे खरे असते, पण त्यावर काय लिहिले आहे हे कोणास वाचता येत नाही. म्हणून आज आम्ही आमच्या वाचकांपुढे हा प्रश्न ठेवितो की, देवाचे उपकार मानणे म्हणजे नेमके काय करणे? आणि ज्याच्या घरी मरण आले आहे, ज्याची मजुरी बुडाली आहे, ज्याच्या शेतात पीक उभे राहिले नाही, त्याने ते कोणत्या तोंडाने मानावे?

खेड्यातील ख्रिस्ती मनुष्यास हा प्रश्न विशेष जड जातो, आणि त्याचे एक कारण 'उपकार' हा शब्दच होय. खेड्यात उपकार म्हणजे पुष्कळदा एक दोरी असते. अडचणीच्या वेळी कोणी मोठ्या घरच्या माणसाने शंभर रुपये दिले, तो उपकार झाला. मग त्या घरच्या लग्नात पाणी भरणे, लाकडे फोडणे, पंचायतीच्या निवडणुकीत तो सांगेल तेथे मत देणे, ही सर्व त्या उपकाराची फेड होय. पैसे फिटतात, पण उपकार फिटत नाही. कारण देणारा तो विसरत नाही व घेणाऱ्यास विसरू देत नाही. आपल्या भाषेतील 'आभार' या शब्दातही भार ऐकू येतोच. अशा भाराखाली ज्याच्या वाडवडिलांच्या पिढ्या गेल्या, त्याला आम्ही जेव्हा सांगतो की, देवाचे तुझ्यावर अनंत उपकार आहेत, तेव्हा त्याच्या मनात कोणते चित्र उभे राहत असेल? देव म्हणजे सर्वांत मोठा सावकार, आणि आपण त्याचे कधीही न सुटणारे देणेकरी, हेच ना? असे चित्र मनात धरून जो उपकारस्तुति करितो, तो भीतीने करितो; आणि भीतीने केलेली स्तुति ही खंडणी होय.

पण शास्त्रातील देव असा नाही. इस्राएल लोक मिसर देशात दास होते, तेथून त्याने त्यांस सोडविले. आणि सोडविल्यावर प्रथम त्यांस अन्न व पाणी दिले, आज्ञा मागाहून दिल्या. त्या आज्ञांचा आरंभही 'मी तुला दास्यातून सोडविले' या स्मरणानेच होतो. म्हणजे देवाचा उपकार हा बांधणारा उपकार नसून सोडणारा उपकार आहे. ही एक गोष्ट ज्यास समजली त्यास उपकारस्तुतीचे अर्धे रहस्य समजले.

आपल्या भाषेत याहून जुना व चांगला शब्द आहे, तो 'कृतज्ञ'. कृत म्हणजे केलेले, आणि ज्ञ म्हणजे जाणणारा. आपल्यासाठी जे केले गेले ते जो जाणतो तो कृतज्ञ. याच्या उलट 'कृतघ्न', म्हणजे जो केलेल्याचा घात करितो, तो. पाहा, कृतज्ञतेच्या मुळाशी फेड नाही, ओझे नाही. केवळ जाणणे आहे. पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या पहिल्या अध्यायात मनुष्यजातीच्या पतनाचे वर्णन केले आहे. तेथे मूर्तिपूजा, व्यभिचार, खून, चहाडी या सर्वांच्या आधी तो एक गोष्ट सांगतो: लोकांस देवाची ओळख असूनही त्यांनी त्याचे गौरव केले नाही व त्याचे उपकार मानिले नाहीत, आणि म्हणून त्यांचे मन अंधारमय झाले. आम्ही उपकार न मानणे हा एक लहानसा शिष्टाचाराचा दोष समजतो. प्रेषित त्यास अंधाराचे दार समजतो. कारण जो मिळालेले जाणत नाही तो थोड्याच दिवसांत असे मानू लागतो की हे सर्व माझ्याच हाताचे आहे. आणि अनुवादाच्या आठव्या अध्यायात मोशे ज्याविषयी सावध करितो ते हेच. पोट भरल्यावर, चांगली घरे बांधल्यावर, गुरेढोरे वाढल्यावर, माझ्या बाहुबळाने हे मिळाले असे म्हणशील, सांभाळ!

लूकाच्या सतराव्या अध्यायातील दहा कुष्ठरोग्यांची गोष्ट आमच्या शब्बाथशाळेच्या मुलांसही पाठ आहे. दहा जण शुद्ध झाले, एक परत आला, आणि तो शोमरोनी म्हणजे परका होता. या गोष्टीवर उपदेश करिताना आमचे उपदेशक बंधु त्या नऊ जणांस 'गरज सरो, वैद्य मरो' ही म्हण लावून मोकळे होतात. म्हण योग्य आहे. परंतु त्या नऊ जणांनी काय केले हेही पाहिले पाहिजे. प्रभूने त्यांस याजकांकडे जाण्यास सांगितले होते, आणि ते याजकांकडेच चालले होते. त्यांनी आज्ञा मोडिली असे वचनात कोठेही लिहिलेले नाही. ते धर्माचा विधि पुरा करण्यास निघाले, त्यानंतर बहुधा घरी गेले, बायकामुलांस भेटले, कामाला लागले. त्यांचे चुकले ते इतकेच की, दान घेऊन ते पुढे गेले आणि देणाऱ्याकडे त्यांनी वळून पाहिले नाही. आज आमच्या मंडळ्यांत उघड देवनिंदा करणारे फारसे नाहीत. परंतु उपासनेस येणारे, वर्गणी देणारे, प्रभुभोजन घेणारे, आणि तरीही वळून न पाहणारे असे नऊ जण मात्र पुष्कळ आहेत. एकास शरीराबरोबर आणखी काहीतरी मिळाले, कारण तो वळला.

आता ज्या तीन गोष्टी उपकारस्तुतीचा वेष घेऊन आमच्यामध्ये वावरतात, परंतु उपकारस्तुति नव्हेत, त्यांचा विचार करू.

पहिली गोष्ट नवस. आमच्यापैकी पुष्कळांचे आजे-पणजे नवस बोलत व नवस फेडीत. मूल झाले तर बकरे, दुखणे बरे झाले तर नारळ. ती देवस्थाने आम्ही सोडिली, पण नवसाचे मन आमच्याबरोबर मंडळीत आले नाही काय? मुलगा परीक्षेत उतरला तर मंदिरास पंखा देईन, बोअरला पाणी लागले तर मंडळीस जेवण घालीन, असे आम्ही ऐकतो. पंखा उपयोगी आहे, जेवणही आनंदाचे आहे. परंतु बोअरला पाणी लागले नाही तर काय? मग देवाचे काही देणे नाही असा हिशेब होतो. आणि जेथे हिशेब आहे तेथे व्यापार आहे. उत्पत्तीच्या पुस्तकात याकोबाची कथा या बाबतीत फार बोधप्रद आहे. तरुणपणी घरातून पळताना बेथेल येथे त्याने देवाशी जे बोलणे केले ते नवसासारखेच होते: तू माझे रक्षण केलेस, मला भाकर व वस्त्र दिलेस, सुखरूप परत आणिलेस, तर तू माझा देव होशील, आणि दशांश देईन. देवाने त्याच्या या कच्च्या बोलण्याचाही राग मानिला नाही. पण वीस वर्षांनंतर, भाऊ एसाव चारशे माणसे घेऊन समोर येत असता, तोच याकोब दुसऱ्या भाषेत बोलतो. यार्देन ओलांडिली तेव्हा माझ्या हाती केवळ काठी होती, आता माझ्या दोन टोळ्या झाल्या आहेत. तू दाखविलेल्या दयेस मी पात्र नाही. या वेळी 'तर' हा शब्द नाही. संकट टळलेले नाही, एसाव अजून भेटलेला नाही, तरी तो मागे वळून काठीकडे पाहतो. नवसापासून उपकारस्मरणापर्यंतचा हा प्रवास करण्यास याकोबास वीस वर्षे लागली. आमच्या नव्या बंधूंस थोडी वर्षे लागली तर उपदेशकांनी अधीर होऊ नये. परंतु प्रवास चालू आहे की नाही हे मात्र पाहावे.

दुसरी गोष्ट परुश्याची उपकारस्तुति. मंदिरात उभा राहून तो देवाचे आभारच मानीत होता, हे विसरू नये. पण त्याच्या आभाराचा विषय देव नव्हता, तो स्वतः होता. आणि त्याच्या उंचीचे माप जवळ उभ्या असलेल्या जकातदाराच्या खालच्या मानेवरून घेतलेले होते. आमचा कापणीचा सण घ्या. लोक कणसे, भोपळे, मेथीच्या जुड्या, अंडी, एखादी कोंबडी वेदीपुढे आणितात. मागाहून त्यांचा लिलाव होतो व पैसा मंडळीच्या कामी लागतो. हा सण आम्हांस अतिशय प्रिय आहे. परंतु कोठे कोठे असे होते की, एक लिंबू एका सधन बंधूने पाचशे रुपयांस घेतले की सर्वत्र टाळ्या होतात, आणि ज्या विधवेने दोन अंडी आणिली ती मागच्या रांगेत मान खाली घालून बसते. तेथे स्तुति कोणाची झाली? लेवीयाच्या सातव्या अध्यायात उपकारस्तुतीच्या यज्ञाचा एक नियम आहे: त्याचे मांस त्याच दिवशी खाऊन संपवावे, सकाळपर्यंत काही उरवू नये. एका कुटुंबास एका दिवसात एवढे मांस कसे संपणार? म्हणजे शेजारीपाजारी, गरीबगुरीब यांस बोलाविल्याशिवाय तो नियम पाळणे कठीणच. देवापुढे आणिलेले दान माणसांत वाटले जावे, आणि कालच्या उपकारावर आज फुशारकी मारण्यास काही शिल्लक राहू नये, अशी ही योजना दिसते.

तिसरी गोष्ट सर्वांत घातक आहे, म्हणून तिच्याविषयी आम्ही स्पष्ट लिहितो. ती म्हणजे अन्याय सोसणाऱ्याच्या तोंडावर ठेविलेली उपकारस्तुति. शेतमालकाने, मुकादमाने किंवा ठेकेदाराने ठरलेली मजुरी वेळेवर दिली की, मोठे उपकार झाले, असे आमचे लोक हात जोडून म्हणतात. आणि ती बुडविली की, देवाची मर्जी, म्हणून गप्प बसतात. या दोन्ही बोलण्यांत चूक आहे. काम करणाऱ्याची मजुरी ही कृपा नसून त्याचे येणे आहे, असे पौल रोमकरांस लिहितो. आणि तो कृपेचा सर्वांत मोठा उपदेशक होता. शेतात कापणी करणाऱ्यांची अडकवून ठेविलेली मजुरी ओरडत आहे व ती ओरड सेनाधीश परमेश्वराच्या कानी गेली आहे, असे याकोबाच्या पत्रात आहे. ज्या गोष्टीविरुद्ध देवाच्या कानी ओरड जाते, ती देवाची मर्जी कशी असेल? म्हणून मजुराने देवाचे उपकार मानावे ते हातांतील बळाबद्दल, काम मिळाल्याबद्दल, संध्याकाळी घरी सुखरूप आल्याबद्दल. मजुरी मात्र मान वर करून घ्यावी, व न मिळाल्यास सत्याने व शांततेने मागावी. १९७२ च्या दुष्काळात आमच्या महाराष्ट्रात लाखो माणसे खडी फोडण्याच्या व पाझर तलावांच्या कामांवर गेली. सुकडी व मिलो ज्वारीवर काढलेल्या त्या दिवसांविषयी वृद्ध माणसे आजही सांगतात. त्या दिवसांनंतर, १९७७ साली, खेड्यातील माणसास काम मागण्याचा हक्क देणारा रोजगार हमीचा कायदा या राज्यात झाला. मूठभर सुकडीबद्दल देवाचे आभार मानणे आणि कामाचा हक्क मागणे, या दोन गोष्टी एकमेकींच्या वैरिणी नाहीत. मिसरातून सुटका झाल्याबद्दल स्तुति करणाऱ्या लोकांसच परमेश्वराने आज्ञा दिली की, शेतात विसरलेली पेंढी परत आणावयास जाऊ नका. सरवा परक्यास, पोरक्यास व विधवेस राहू द्या. तुम्हीही दास होता याची आठवण ठेवा. कृतज्ञतेची आठवण तेथे न्यायाचा कायदा झाली.

येथे आणखी एका टोमण्याचे उत्तर देणे अवश्य वाटते. १८७६ ते १८७८ व पुन्हा १८९६ नंतरच्या दुष्काळांत मिशनच्या लोकांनी अन्न दिले, अनाथ मुले सांभाळिली, आणि त्या काळात पुष्कळ कुटुंबे ख्रिस्ती झाली. तेव्हापासून आमच्या लोकांस ऐकावे लागते की, तुम्ही भाकरीसाठी ख्रिस्ती झाला. या शब्दांनी आमचे तरुण खाली पाहतात. त्यांनी खाली पाहू नये. भुकेल्याने भाकरीबद्दल उपकार मानणे यात लाज कोठे आहे? प्रभूने आम्हांस शिकविलेल्या प्रार्थनेत रोजची भाकर आहेच. हे खरे की, भाकरी खाऊन तृप्त झालेल्या लोकांस प्रभूने योहानाच्या सहाव्या अध्यायात खडसावून विचारिले. परंतु त्यापूर्वी त्याने त्यांस जेवू घातले होते. प्रश्न भाकरीने आरंभ झाला की नाही हा नसून, भाकरीवरच शेवट झाला की काय, हा आहे.

याविषयी पंडिता रमाबाईंचे (१८५८–१९२२) चरित्र आमच्या डोळ्यांपुढे असावे. तरुणपणी, बापाबरोबर तीर्थयात्रा करीत असता, दुष्काळात त्यांनी बाप, आई व बहीण गमाविली. उपासमार म्हणजे काय हे त्यांनी पुस्तकातून नव्हे, स्वतःच्या पोटातून जाणिले. पुढे १८९६-९७ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा त्या स्वतः तेथे गेल्या आणि शेकडो निराधार मुली व स्त्रिया घेऊन आल्या; केडगावचे मुक्तिसदन त्यांच्यामुळे भरले. ज्या दुष्काळाने त्यांस अनाथ केले, त्या दुष्काळाबद्दल त्यांनी देवाचे आभार मानिले असे आम्ही म्हणत नाही. परंतु आपण वाचलो याचे स्मरण त्यांनी वाया जाऊ दिले नाही. वाचलेल्याने वाचवावे, हीच त्यांची उपकारस्तुति झाली. उपकाराची फेड वर करिता येत नाही. देवास आमच्या कशाची गरज? ती आजूबाजूस करावयाची असते. ज्यांच्या घराण्यांस एकेकाळी मिशनची भाकर मिळाली, त्यांनी मिशनपुढे पिढ्यान्पिढ्या वाकून राहावे अशी अपेक्षा नाही. त्यांच्या दारी आज कोण उपाशी आहे ते त्यांनी पाहावे, अशी आहे.

आता सर्वांत कठीण प्रश्नाकडे येऊ. सर्व स्थितीत उपकारस्तुति करा, असे पौल थेस्सलनीकाकरांस लिहितो. तरुण मुलगा गेला, तरी? वचन नीट वाचावे. तेथे 'सर्व स्थितीत' असे आहे. मरण ही देणगी आहे असे म्हणा, दुखण्यास सुख म्हणा, असे त्यात नाही. कोणी म्हणेल की, इफिसकरांस लिहिताना त्याच प्रेषिताने 'सर्व गोष्टींबद्दल' असेही म्हटले आहे. होय, परंतु त्याच अध्यायात, थोड्याच ओळी आधी, अंधाराच्या कामांत भागीदार होऊ नका, त्यांचा निषेध करा, अशी आज्ञा आहे. ज्याचा निषेध करावयाचा त्याबद्दलच आभार मानावयाचे, असा अर्थ प्रेषिताच्या मनात असणे शक्य नाही. देवाने जे दिले त्या सर्वांबद्दल, आणि जे त्याने दिले नाही परंतु ज्यातून तो आम्हांस चालवून नेतो त्या सर्व स्थितीत, असा आम्ही याचा अर्थ समजतो.

आणि या अर्थाची साक्ष प्रभु स्वतः देतो. बेथानीस लाजाराच्या कबरेपाशी तो रडला. थोड्याच वेळाने, त्याच कबरेपाशी, डोळे वर करून त्याने पित्याचे उपकार मानिले. आणि लाजार तोपर्यंत बाहेर आलेला नव्हता. म्हणजे त्याच जागी, जवळजवळ त्याच घटकेस, अश्रूही होते व उपकारस्तुतीही होती. एकीने दुसरीस हाकलून लाविले नाही. ईयोबाने प्रथम परमेश्वराचे नाव धन्य म्हटले हे आपण वारंवार ऐकतो. पण पुढे अनेक अध्याय त्याने देवापुढे जी कुरकुर, जे प्रश्न, जे रडणे केले, ते आपण वगळतो. शेवटी देव काय म्हणाला? त्याचे सांत्वन करण्यास आलेले शहाणे मित्र नीट बोलले नाहीत. ईयोब नीट बोलला. म्हणून शोकात असलेल्या माणसाजवळ जाऊन, रडू नको, देवाचे आभार मान, असे सांगणाऱ्या बंधूंनी आपण कोणाच्या पंक्तीस बसलो आहोत याचा विचार करावा. त्यांच्यासाठी पहिले काम उपदेश नव्हे. घोंगडीवर शेजारी बसणे, चुलीवर चहा ठेवणे, गुरांस पाणी दाखविणे, हे होय. उपकारस्तुति ज्याची त्याच्या वेळी उगवते. दुसऱ्याच्या शोकावर ती आपण पेरू शकत नाही.

वाचलेल्यानेही आपले आभार जपून बोलावे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर व धाराशिव या भागांत भूकंप झाला, आणि सुमारे दहा हजार माणसे मातीच्या व दगडांच्या घरांखाली गेली. एका घराची भिंत उभी राहिली, शेजारच्या घरात चारजण दबले. 'देवाने आम्हांस वाचविले' हे पहिल्या घराने म्हणावे की नाही? मनात, गुडघ्यांवर, अवश्य म्हणावे. परंतु शेजारणीच्या देखत असे म्हणू नये की, आमच्यावर देवाची कृपा होती. कारण त्यातून तिला ऐकू येते की, तुझ्यावर नव्हती. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसे मेली, तेव्हा ती इतरांपेक्षा अधिक पापी होती काय असे प्रभूने विचारिले, आणि स्वतःच 'नाही' असे उत्तर दिले. वाचलेला मनुष्य इतरांहून चांगला म्हणून वाचला नाही. ही गोष्ट ओळखून जो उपकार मानितो त्याचे हात लगेच ढिगारा उपसण्यास लागतात. तेच हात त्याची प्रार्थना होत.

मग संकटात उपकारस्तुतीचा उपयोग काय? याचे उत्तर प्रेषितांच्या कृत्यांच्या सत्ताविसाव्या अध्यायात आहे. दोनशे शहात्तर माणसांनी भरलेले तारू चौदा दिवस वादळात सापडलेले. सूर्य नाही, तारे नाहीत, कोणी धड जेवलेले नाही. त्या पहाटे बंदिवान पौलाने भाकर घेतली, सर्वांच्या देखत देवाचे उपकार मानिले, ती मोडिली व खाऊ लागला. तारू नंतर फुटलेच. भाकरीमुळे वादळ थांबले नाही. परंतु त्याला पाहून सर्वांस धीर आला, तेही जेवले, आणि जेवलेल्या अंगात पोहून किनारा गाठण्याचे बळ आले. उपकारस्तुति वादळ थांबविण्याचा मंत्र नव्हे. ती वादळात भाकर मोडण्याची शक्ति आहे. आणि ज्या रात्री प्रभु धरून दिला गेला त्या रात्री त्याने भाकर घेऊन जे केले तेही हेच. प्रभुभोजनास ग्रीक भाषेत जे जुने नाव आहे त्याचा अर्थ 'उपकारस्तुति' असाच आहे. वधस्तंभाच्या छायेत बोललेली उपकारस्तुति आमच्या उपासनेच्या मध्यभागी ठेविली आहे, ही आठवण प्रत्येक वेळी त्या मेजाजवळ येताना असू द्यावी.

शेवटी, ही गोष्ट रोजच्या जीवनात कशी आणावी याविषयी थोडके लिहितो. मोठे नियम आम्ही सांगत नाही. चार लहान सवयी सांगतो.

भाकरीपूर्वीची प्रार्थना घाईने उरकू नये. आठवड्यातून एकदा तरी ताटातील भाकर कोठून आली हे मुलांस सांगावे: पाऊस कोणी दिला, पेरले कोणी, राखण कोणी केली, कणसे कोणी खुडली, गिरणीवर दळण कोणी नेले, आणि धुरात बसून ती थापली कोणी. मग देवाचे आभार मानावे, आणि थापणारीचेही. आमच्या घरांतून पुरुष देवाचे उपकार मोठ्या आवाजात मानितात आणि समोर ताट ठेवणाऱ्या बायकोस एक गोड शब्दही बोलत नाहीत. पौलाने रोमकरांच्या पत्राच्या शेवटी नावे घेऊन घेऊन किती स्त्रीपुरुषांची आठवण केली आहे ते पाहा. दिसणाऱ्या माणसाचा उपकार जो जाणत नाही तो न दिसणाऱ्या देवाचा काय जाणणार?

दुसरी सवय संध्याकाळची. कौटुंबिक प्रार्थनेच्या वेळी घरातील प्रत्येकाने, लहान मुलानेही, त्या दिवसातील एक गोष्ट नाव घेऊन सांगावी. 'सर्व कृपादानांबद्दल' असे गोळाबेरीज बोलू नये. शेळी व्याली, ताप उतरला, नळास पाणी आले, भांडण मिटले, अशी एकेक गोष्ट सांगावी. ज्या दिवशी काहीच सुचत नाही त्या दिवशी तेही देवास सांगावे. आणि कोणास रडावेसे वाटले तर त्याने रडावे. लाजाराच्या कबरेपाशी दोन्हींस जागा होती.

तिसरी सवय मुठीची. मिझोराम प्रांतातील ख्रिस्ती स्त्रिया विसाव्या शतकाच्या आरंभापासून प्रत्येक स्वयंपाकाच्या वेळी एक मूठ तांदूळ देवाच्या कामासाठी बाजूला काढीत आल्या आहेत. त्या मुठीमुठींतून तेथील मंडळ्यांनी किती सुवार्तिक पोसले व किती कामे चालविली! आमच्या घरी तांदूळ नसेल तर ज्वारी आहे, बाजरी आहे. मूठ भरताना कोणी टाळ्या वाजवीत नाही, लिलाव होत नाही, नाव वाचले जात नाही. म्हणूनच ती सवय आम्हांस आवडते.

चौथी सवय सरव्याची. आपल्या शेतातील, दुकानातील, पगारातील शेवटचा दाणाही वेचून घेऊ नये. काही खाली पडू द्यावे, आणि जो ते वेचील त्याचे नाव विचारू नये, त्यास उपकाराची आठवणही करून देऊ नये. देवाने आपल्यावर केलेला उपकार जसा दोरी नव्हता, तसा आपला उपकारही कोणाच्या गळ्यात दोरी होऊ नये. जेथे देणारा विसरतो व घेणारा आठवण ठेवितो, तेथे उपकाराचे ओझे राहत नाही. तेथे दोघेही कृतज्ञ, म्हणजे जाणणारे, होतात.

प्रिय वाचकहो, वर्षाची गोळाबेरीज करण्यास डिसेंबराची वाट पाहू नका. आज रात्री दिवा मालविण्यापूर्वी एकदा वळून पाहा. हाती केवळ काठी घेऊन आपण कोणती नदी ओलांडिली होती, आणि आज आपल्याजवळ काय आहे, हे मोजा. मोजता मोजता एखाद्या माणसाचे नाव आठवेल, ज्याने आपल्यासाठी काही केले व ज्यास आपण कधी काही बोललो नाही. उद्या त्याच्याकडे जा. आणि एखाद्या दाराची आठवण होईल, ज्यात चूल पेटलेली नाही. तेथे रिकाम्या हाताने जाऊ नका. ज्याने सर्व दिले, व आपला पुत्रही राखून ठेविला नाही, त्या देवाची उपकारस्तुति आपल्या ओठांवर तर असोच, परंतु आपल्या हातांतही असो. आमेन.